बीटी वांग्याचे निर्णयपत्र आणि मराठवाड्याचे लोकमत

तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीस स्थगिती देणारे जे निर्णयपत्र प्रसिद्ध केले, त्याचा उल्लेख लोकमताची बूज राखणाऱ्या राज्यकारभाराचा नमुना म्हणून वारंवार होतो. हा गौरव सर्वस्वी अस्थानी आहे असे नाही. जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी अनुकूल शिफारस केली असताही मंत्र्यांनी ती तशीच न स्वीकारता कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद व बंगळूर येथे जाहीर सभा घेतल्या. सुमारे ८,००० लोक त्यांस उपस्थित राहिले. आपल्याकडील शासकीय व्यवहारात इतका मोकळेपणा विरळाच. निर्णय योग्य होता की अयोग्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. त्यात 'लोकमत' म्हणून जे गृहीत धरले आहे त्याची व्याप्ती केवढी, एवढेच येथे नांदेड-लातूरच्या अनुभवावरून तपासावयाचे आहे.

ज्या वाणावरून देशभर वाद माजला तो महिको कंपनीचा, आणि ही कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यास स्थापन केलेली. परंतु सात सभांपैकी एकही मराठवाड्यात झाली नाही. नांदेडच्या शेतकऱ्यास नागपूरही दूर आणि हैदराबादही दूर. हा आक्षेप केवळ प्रादेशिक अभिमानाचा नव्हे. सभेस कोण पोहोचू शकतो, यावर तेथे व्यक्त होणाऱ्या मताचे स्वरूप अवलंबून असते. संघटनांचे पुढारी, कंपन्यांचे प्रतिनिधी, शास्त्रज्ञ व कार्यकर्ते यांस सभेची भाषा अवगत असते. किनवट-माहूरकडे कापसात खुरपणी करणाऱ्या मजूर स्त्रीस ती अवगत नसते. आणि तणनाशक सहन करणारे कपाशीचे वाण आले तर सर्वांआधी तिचीच मजुरी जावयाची!

सभेबाहेर मत व्यक्त करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पेरणी. २००१ साली गुजरातेत बिगरमान्यतेची बीटी कपाशी शेतांत उभी असल्याचे उघडकीस आले, आणि २६ मार्च २००२ रोजी सरकारने बीटी कपाशीस मान्यता दिली. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने तणनाशक-सहनशील कपाशीची उघड पेरणी झाली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये त्या वेळी या कृत्यास पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. ही जोखीम पत्करून जो पेरतो त्याच्या मताचे वजन सभेतील भाषणापेक्षा कमी मानण्याचे कारण नाही.

तथापि 'पेरले म्हणजे मत दिले' हा सिद्धान्तही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, आणि येथे नांदेडचे उदाहरण फार बोधक आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने निर्माण केलेला 'एनएचएच-४४' हा संकरित वाण एके काळी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विश्वासाचा होता. बीटी जनुक मात्र प्रथम खाजगी कंपन्यांच्या वाणांतच उपलब्ध झाले. नांदेड-४४ मागे पडला, आणि महाबीजच्या साहाय्याने तो बीटी रूपात येईपर्यंत बराच काळ लोटला. दरम्यानच्या शेतकऱ्याने जे निवडले त्यास तंत्रज्ञानाविषयीचा कौल म्हणावे, की दुकानात उरलेल्या मालाची अपरिहार्य खरेदी? बीटीखालील क्षेत्राचे आकडे पुढे करून लोकमान्यता सिद्ध करणाऱ्यांनी या प्रश्नास बगल दिली आहे. चोरट्या बियाण्याच्या बाबतीत तर पावतीच नसते. पीक फसले तर दाद कोणाकडे मागावयाची? असे बियाणे घेणाऱ्याने नियंत्रण नाकारले असे म्हणावे, तर नियंत्रणाच्या अभावाची झळही त्यासच सोसावी लागते.

लातूरचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे मुख्य पीक सोयाबीन. जनुक-परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीस भारतात मान्यता नाही. असे असता ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुक-परिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. कोंबडीखाद्य महागल्याची कुक्कुटपालन व्यवसायाची तक्रार होती. आणि पेंडीत सजीव परिवर्तित घटक नसल्याने हरकत नाही, अशी पर्यावरण मंत्रालयाची भूमिका होती. शास्त्रदृष्ट्या ती समर्थनीयही असेल, कारण पेंड काही उगवत नाही. त्या महिन्याच्या आरंभी क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेलेले सोयाबीनचे भाव पुढे बरेच उतरले. नव्या हंगामाची आवक हेही त्याचे एक कारण होते. सर्व दोष आयातीवर ढकलणे न्याय्य ठरणार नाही. परंतु जे वाण लातूरच्या शेतकऱ्यास पेरता येत नाही, त्याच वाणाच्या मालाशी त्यास भावात स्पर्धा करावी लागली, हे नाकारता येत नाही. या वेळी सात शहरांतील सभांसारखे काही घडले नाही. वांग्याच्या वेळी ग्राहकाच्या ताटाची जेवढी काळजी वाहिली गेली, तेवढी उत्पादकाच्या भावाची वाहिली गेली नाही. निर्णयपत्रात शेतकऱ्यांची मते नाहीत असे नव्हे. परंतु ती बियाण्याच्या सुरक्षिततेपुरती विचारलेली आहेत, बाजाराविषयी नव्हेत.

आपल्या विद्यार्थ्यांनी या दोन जिल्ह्यांत लोकमताची पाहणी हाती घ्यावयाची झाल्यास प्रश्नावलीचा आरंभ 'जनुक-परिवर्तित बियाणे हवे की नको' या प्रश्नाने करू नये. गेल्या हंगामात बियाणे कोठून आणले, पावती मिळाली काय, तण कोणी काढले आणि माल कोणत्या भावाने गेला, येथून तो करावा. आणि हे प्रश्न सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याबरोबरच खुरपे जिच्या हाती आहे तिलाही विचारावेत.