भिंतीवरील कविता आणि साक्षीचा प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात परदेशी प्रवाशांच्या चौकशीचे ठाणे होते. तेथे अडकवून ठेवलेल्या चिनी प्रवाशांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता १९७० नंतर उजेडात आल्या. १९८० साली ‘आयलंड’ या संग्रहात त्यांतील अनेक कविता मूळ पाठ व इंग्रजी अनुवाद यांसह प्रसिद्ध झाल्या. छळाचा पुरावा म्हणूनच त्या सामान्यतः वाचल्या जातात. तो पुरावा खरा आहे. १८६९ साली पुऱ्या झालेल्या आंतरखंडीय लोहमार्गाचा पश्चिमेकडील भाग मुख्यतः चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचा खडक फोडून बांधला. आणि तेराच वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना त्या देशाचे दार कायद्याने बंद झाले. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. तथापि कवितेला केवळ पुरावा मानणे म्हणजे तिला पुन्हा चौकशीच्या खोलीत उभे करणे होय.

त्या खोलीत, गावात घरे किती, जिन्याला पायऱ्या किती, असे प्रश्न विचारीत आणि उत्तरे आप्तांच्या उत्तरांशी ताडून पाहत. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जन्मनोंदी जळाल्यामुळे अनेक जण कागदोपत्री दुसऱ्याचे पुत्र होऊन आले होते. अशा माणसाला आपले खरे नाव सांगणे धोक्याचे. बहुतेक कविता निनावी आहेत, त्या याच वातावरणात. रचना मात्र परंपरेतील, बहुधा पाच वा सात अक्षरांच्या ओळींची. आणि तीत सू वू येतो, शत्रूच्या मुलखात एकोणीस वर्षे अडकवला गेलेला हान राजवटीचा दूत. कोणी टीकाकार याला संकेतशरणता म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याचा प्रत्येक शब्द त्याच्याविरुद्ध वापरला जाण्याचा संभव आहे, त्याला ‘मी’ म्हणण्यासाठी दुसऱ्याचे नाव हवे असते.

अनुवादकाचा पेच येथेच सुरू होतो. सू वूच्या जागी ‘बंदिवान’ असा शब्द योजला, तर कविता सुगम होते. पण मजुराने स्वतःला राजदूताच्या पंक्तीस बसविले, हा तिचा गाभाच हरपतो. मराठीत ती ओवीच्या वळणावर नेली, तर करुणा वाढते आणि तिचा पढीक ताठा मावळतो. तेव्हा ते नाव तसेच ठेवावे आणि वाचकाला थोडे अडखळू द्यावे. या ओळी पहारेकऱ्याला वाचता येणार नव्हत्या. त्या कोरल्या गेल्या त्याच खोलीत पुढे येणाऱ्या बंदिवानासाठी, आणि सू वू कोण, हे त्याला सांगावे लागत नव्हते.