एम्प्रेस मिलची रिंग चाती : धाडस की परीक्षा?

नागपूरच्या औद्योगिक इतिहासात एम्प्रेस मिलने केलेला रिंग चातीचा स्वीकार हा जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीचा दाखला म्हणून सांगितला जातो. एफ. आर. हॅरिस यांचे टाटाचरित्र १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या लोकप्रिय लेखनातून या प्रसंगाची जी मांडणी रूढ झाली, तिचा सारांश असा, की लँकेशायर जुन्या यंत्रांना चिकटून राहिले आणि नागपूरने धाडस केले. ही मांडणी असत्य नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि नवे यंत्र स्वीकारू पाहणाऱ्या संस्थेने तिच्यावरच विसंबल्यास चुकीचा बोध घेतला जाण्याचा संभव आहे.

या मांडणीत रिंग चातीच्या आधीचा प्रसंग गौण ठरतो. वस्तुतः तोच निर्णायक होय. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. सुमारे तीस हजार चात्या व ४५० माग एवढा तिचा प्रारंभीचा पसारा होता. पहिली यंत्रसामग्री घेताना काटकसर करण्यात आली. ती यंत्रे हलक्या प्रतीची निघाली, उत्पादन मनाजोगे होईना आणि अखेरीस ती बदलावी लागली. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले; त्यांचे नाव सदरच्या उत्तरेकडील बेझनबाग या वस्तीने जपले आहे. यंत्रविभाग लँकेशायरहून आलेल्या जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होता. किमतीवरून यंत्राची पारख करता येत नाही, हा धडा या मंडळींना पदरमोड करून मिळाला होता.

१८८३ च्या सुमारास रिंग चातीचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा या धड्याचा उपयोग झालेला दिसतो. थ्रॉसल यंत्रात सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या भुजेमुळे चातीच्या वेगाला मर्यादा पडे. रिंग यंत्रात तिच्या जागी कड्यावरून धावणारी एक लहानशी तार आली आणि वेग वाढविणे शक्य झाले. तथापि सगळ्या चात्या एकदम बदलण्यात आल्या नाहीत. प्रथम केवळ दोन यंत्रे आणून चालविण्यात आली. उत्पादन प्रत्यक्ष पाहिल्यावरच पुढील पाऊल पडले. प्रयोग फसता, तर नुकसान दोन यंत्रांपुरतेच राहिले असते. ज्याला धाडस म्हटले जाते, त्याचा गाभा जोखीम आटोक्यात ठेवण्यात होता.

लँकेशायरला केवळ हटवादी ठरविणेही न्याय्य नव्हे. लार्स सँडबर्ग यांनी १९६९ मध्ये दाखविल्याप्रमाणे तेथील गिरणीमालकांची म्यूलवरील निष्ठा परिस्थितीशी विसंगत नव्हती. म्यूल चालविणारे कुशल कामगार तेथे मुबलक होते, आणि बारीक सुतासाठी म्यूलच सोयीचा होता. शिवाय सूतकताई व विणकाम यांचे कारखाने बहुधा वेगवेगळे असल्याने रिंगवरील सूत जड लाकडी बॉबिनांसह वाहून नेण्याचा खर्च पडे. नागपुरात कुशल कामगारांची वाण होती, मुख्यतः जाड सूत निघे आणि माग त्याच आवारात होते. एकच यंत्र एका ठिकाणी लाभाचे व दुसऱ्या ठिकाणी शंकास्पद ठरू शकते. जोखीम यंत्राच्या अंगी नसते. यंत्र आणि स्थळ यांच्या संबंधात ती असते.

परंतु नागपूरच्या परीक्षेलाही मर्यादा होती. दोन यंत्रांवरून सुताचे वजन व मजबुती ताडता येते. वाढलेल्या वेगाचा कामगारावर पडणारा भार त्यातून कळत नाही. चरित्रात्मक लेखनात जोखमीचा हिशेब भांडवलापुरताच मांडला जातो. निवृत्तिवेतन निधी (१८८६) आणि अपघात भरपाई (१८९५) यांचे वर्णन येते ते मात्र मालकाच्या औदार्याच्या प्रकरणात. या विभागणीमुळे दोन्ही बाजूंचे आकलन अपुरे राहते. अपघात हा यंत्राच्या खर्चाचाच भाग असेल, तर त्याची भरपाई दानाच्या खात्यावर नव्हे, तर यंत्राच्या खात्यावर मांडली गेली पाहिजे.

टाटांचे व्यवस्थापन १९८६ मध्ये संपुष्टात आले, आणि पुढे राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद पडली. एका योग्य निर्णयाचे पुण्य संस्थेला सव्वाशे वर्षे पुरत नाही, एवढे तरी यावरून स्पष्ट होते. आज संगणकीय यंत्रणा स्वीकारणाऱ्या संस्थांपुढे एम्प्रेस मिलचा आदर्श ठेवायचा असेल, तर तो धाडसाचा म्हणून ठेवू नये. आधीच्या चुकीची नोंद, मर्यादित व माघार घेता येण्याजोगा प्रयोग आणि स्थानिक परिस्थितीचा विचार, ही त्या आदर्शाची तीन अंगे होत. नुकसान कोणाच्या वाट्याला येईल, हे आधीच विचारणे हे चौथे अंग. ते त्या काळी राहून गेले, आणि चरित्रकारांनाही त्याची उणीव जाणवली नाही.