पाठीवरचे मूल आणि मुंढवा-हडपसरची वाट

सावित्रीबाई फुले यांचे मरण आपल्याकडे एका चित्रातून सांगितले जाते. प्लेगने फणफणलेले मूल पाठीवर घेऊन चाललेली वृद्ध बाई. हे चित्र खोटे नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाडचा मुलगा त्यांनी पाठीवरून आणला. तो जगला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पण या चित्राखाली आपले चरित्रकार आणि गौरवग्रंथांचे संपादक जे शब्द लिहितात, म्हणजे माया, करुणा, मातृत्व, त्यांच्याशी माझे भांडण आहे. करुणा म्हटले की माणूस नमस्कार करतो आणि विचारायचे राहून जाते : ही बाई मूल घेऊन कोठे चालली होती?

ती हडपसरला, ससाण्यांच्या मळ्यात चालली होती. तिथे तिने डॉक्टर मुलाकडून, यशवंतरावांकडून, प्लेगचा दवाखाना घालवून घेतला होता. यशवंतरावांचे सासरे हडपसरचे ससाणे, तेव्हा जागा सोयरिकीने मिळाली एवढेच, असे कोणी म्हणेल. म्हणो. जागा सोयरिकीने मिळते. ती कोणासाठी उघडायची हे सोयरीक ठरवीत नाही.

गावाबाहेर दवाखाना घालणे यात नवे काहीच नव्हते. सरकारही रोग्यांना बाहेरच नेत होते. फरक बाहेर या शब्दात आहे. एक बाहेर गावाला रोग्यापासून वाचवण्यासाठी असते, आणि ते आम्हाला चांगले ठाऊक आहे, कारण आमचे वाडे त्याच बुद्धीने वसवले गेले. दुसरे बाहेर आधीच बाहेर टाकलेल्याच्या जवळ जाण्यासाठी असते. हडपसरचा मळा दुसऱ्या जातीचा होता.

मुंबईत याच सुमारास, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती. पुढे जातवार, पंथवार प्लेग-इस्पितळे निघाली. ज्या जातीजवळ फंड तिला खाटा. ज्या जातीजवळ फंड नाही तिचे काय, हे सांगण्याची गरज नाही. पुण्यात रँडच्या सोल्जरांची घरझडती सुरू झाली १३ मार्चला, सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर तीनच दिवसांनी. त्या झडतीवर आणि रँडच्या खुनावर मराठीत केवढे लिहिले गेले! '२२ जून १८९७' हे तर १९७९ सालच्या चित्रपटाचे नावच आहे. घरात शिरलेल्या बुटांची आठवण ज्यांना घर होते त्यांनी जपली. दवाखान्यापर्यंतच्या वाटेची आठवण जपणारे लिहितेच नव्हते.

त्याच फेब्रुवारीत साथरोगांचा चार कलमी कायदा झाला. रोग्याला इस्पितळात वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात आहे. ते इस्पितळ रोग्याच्या घरापासून किती लांब असावे, याविषयी अक्षर नाही. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात कोरोनासाठी तोच कायदा पुन्हा लागू झाला.

मी विरारला शिकवतो. विरारचे अंतर रुळांवर मोजले जाते : चर्चगेट ६० किलोमीटर. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि हे मोजमापच नाहीसे झाले. प्रचंड कोविड केंद्रे उभी राहिली ती वांद्रे-कुर्ला संकुलात, गोरेगावच्या प्रदर्शन-दालनांत, मुलुंडला, दहिसरला. म्हणजे जिथे मोकळी जमीन किंवा तयार छप्पर होते आणि रुग्णवाहिकेला हमरस्ता होता तिथे. हा निकष मूर्खपणाचा नव्हे. ती केंद्रे मुंबई महापालिकेची, विरारची महापालिका वेगळी, हेही खरे. परंतु विरार-नालासोपाऱ्याचा माणूस राबतो मुंबईत. १५ जून २०२० ला लोकल पुन्हा धावली ती अत्यावश्यक सेवेतल्या नोकरांसाठी. झाडूवाल्याला वसईच्या खाडीपलीकडे कामावर नेण्यापुरती वाट होती; तो आजारी पडला की हद्द आडवी येत होती. मग इथे जे खाजगी रुग्णालय मिळेल ते. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या अशाच एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि १३ कोविड रुग्ण गेले. जवळ असणे एवढ्याने भागत नाही, हेही त्या पहाटेने दाखवले.

नियोजनकार अशा वेळी दोन मापे वापरतात. एक, सर्वांचे सरासरी अंतर कमीत कमी व्हावे. दुसरे, सर्वांत लांबच्या माणसाचे अंतर कमी व्हावे. शंभर घरांचे गाव घ्या. पंधरा घरे ओढ्यापलीकडे. पहिल्या मापाने दवाखाना चावडीशेजारी येतो आणि हिशेब अगदी बरोबर असतो. त्यात कोणाचा द्वेष नाही, शिवी नाही. फक्त ओढ्याला पूर आला की पंधरा घरे हिशेबातून वाहून जातात. सावित्रीबाईंनी दुसरे माप धरले, आणि तरीही मुंढवा आणि मळा यांच्यामध्ये जे अंतर उरले ते पाठीवर घेतले. चित्रकाराला पाठ दिसली, अंतर दिसले नाही.

हा भाग शिकवताना मी मुलांना नकाशा काढायला लावतो : मुंढवा, हडपसर, मधली वाट. शेजारी स्वतःचे घर आणि जवळचे सरकारी इस्पितळ. मनवेलपाड्याच्या एका मुलाने अंतराच्या जागी किलोमीटर न लिहिता रिक्षाचे भाडे लिहिले, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. मी ते खोडले नाही.