यीस्ट पेशीतील प्रथिनांचे प्रमाण आणि सहसंबंध गुणांक : एक चिकित्सा

जनुकापासून संदेशवाहक आरएनए व त्यापासून प्रथिन, हा क्रम पदवीच्या वर्गात सर्वत्र शिकविला जातो. या क्रमातील कोणता टप्पा प्रथिनाचे प्रमाण ठरवितो, हा प्रश्न मात्र स्वतंत्र असून तो प्रामुख्याने बेकरीच्या यीस्टवर, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीवर, तपासला गेला. १९९६ मध्ये या जीवाचा जनुकसंच वाचून पूर्ण झाला आणि सुमारे सहा हजार जनुके हाताशी आली. त्यानंतरही या प्रश्नाच्या उत्तरात जो गोंधळ राहिला, त्याचे मूळ पेशीपेक्षा मोजमापाच्या रीतीत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९९९ मध्ये ‘मॉलिक्युलर अँड सेल्युलर बायॉलॉजी’ या एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. गायगी, एबरसोल्ड व सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की, आरएनएच्या मापनावरून प्रथिनाचे प्रमाण वर्तविता येत नाही. आरएनए समान असूनही काही जनुकांच्या प्रथिनांत वीस पटींहून अधिक तफावत आढळते. फुचर व सहकाऱ्यांना मात्र त्याच जातीच्या पेशींत दोहोंमध्ये चांगला सहसंबंध दिसला. लॉगरिदम घेतल्यावर तो ०.७६ भरला. पुढील काळात पहिल्या निबंधाचा निष्कर्षच अधिक उद्धृत झाला, हे लक्षणीय आहे.

गायगी यांची आकडेवारी बारकाईने पाहणे आवश्यक आहे. एकूण १०६ जनुकांसाठी सहसंबंध गुणांक ०.९३ च्या आसपास होता. परंतु तो मूठभर विपुल प्रथिनांमुळे फुगलेला होता, हे लेखकांनीच दाखविले. कमी आरएनए असलेली ७३ जनुके वेगळी काढताच तो ०.३५६ वर आला. येथवरचे विवेचन रास्त आहे. अडचण पुढे आहे. कोणत्याही विदेचा अरुंद पट्टा निवडला की सहसंबंध घटतो. हा संख्याशास्त्राचा नियम आहे, यीस्टचा नव्हे. शिवाय ज्या संदेशाच्या पेशीमागे एक-दोनच प्रती असतात, त्याची मोजणी अगदी थोड्या नोंदींवर उभी असते व तिच्यातील यादृच्छिक त्रुटी मोठी असते. द्विमितीय जेलवर अल्पप्रमाणातील प्रथिने मुळात दिसतच नाहीत, हे याच गटाने २००० मध्ये मान्य केले. तेव्हा ०.३५६ या आकड्यात पेशीचे किती आणि उपकरणाचे किती?

मापनातील त्रुटी सहसंबंधाला खाली ओढते, हे चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्येच सांगितले होते व त्यावरील दुरुस्तीही दिली होती. जीवशास्त्राने ती शंभर वर्षे जवळजवळ दुर्लक्षिली. २०१५ मध्ये चार्डी, ड्रमंड व सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगशाळांची यीस्टवरील मापने एकत्र करून त्रुटीचा हिशेब मांडला, तेव्हा स्थिर अवस्थेतील प्रथिनांच्या तफावतीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आरएनएच्या प्रमाणाने स्पष्ट होतो असे आढळले. २०१६ मध्ये वाइनबर्ग, बार्टेल व सहकाऱ्यांनी आरएनए वेगळा करण्याच्या रूढ पद्धतीतील पक्षपात दूर केला, तेव्हा जनुकाजनुकांतील भाषांतरण-क्षमतेची तफावतही पूर्वी वाटे त्याहून कमी निघाली.

तथापि ८५ टक्के हा आकडाही जपून वापरावा लागेल. त्याच निबंधात असे दिसते की, आरएनए वाढला की प्रथिन त्याहून अधिक प्रमाणात वाढते. ज्या जनुकांचे संदेश विपुल असतात त्यांचे भाषांतरणही अधिक कार्यक्षम असते. अनुकूल कोडॉनांची निवड हे त्याचे एक परिचित लक्षण. प्रतिलेखन व भाषांतरण अशी हातात हात घालून चालत असतील, तर तफावतीचा किती टक्के वाटा कोणाचा, ही विभागणीच काहीशी कृत्रिम ठरते. ‘प्रतिलेखन की भाषांतरण’ हा वाद ज्या आवेशाने लढविला गेला, त्याला हे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष कारणीभूत आहे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. हे सर्व गुणांक पेशी स्थिर गतीने वाढत असताना हजारो जनुकांची एकमेकांशी तुलना करतात. एकच जनुक परिस्थिती बदलल्यावर कसे वागते, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही. पदव्युत्तर प्रबंधांत आरटी-पीसीआरने संदेश दुप्पट झाल्याचे दाखवून प्रथिनही दुप्पट झाले असे गृहीत धरले जाते; त्याला ८५ टक्क्यांचा आधार देता येणार नाही. जीसीएन४ या जनुकाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या संदेशाच्या आरंभी चार लहान वाचनचौकटी आहेत. अमिनो आम्ले मुबलक असताना रायबोसोम त्यांतच अडकून गळून पडतात. उपासमारीत जीसीएन२ हे किण्वक ईआयएफ२ या आरंभघटकाला फॉस्फेट जोडते. रायबोसोम पुन्हा सज्ज होण्यास उशीर लागतो, शेवटच्या चौकटी ओलांडल्या जातात आणि मुख्य प्रथिन तयार होऊ लागते. ॲलन हिनेबुश यांनी उलगडलेल्या या यंत्रणेत निर्णय भाषांतरणाच्या टप्प्यावर होतो. संदेशाच्या प्रती मोजून त्याचा अंदाज येत नाही. २००९ मध्ये इंगोलिया व वाइसमन यांनी रायबोसोमांचे ठसे वाचण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा उपाशी यीस्टमधील हा बदल ठशांत स्पष्ट दिसला.