संत, सत्ता आणि सनद

धर्मामुळे राज्य घडते काय, या प्रश्नाची आपल्याकडील अभ्यासू चर्चा मागे नेत गेल्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या ‘राइझ ऑफ द मराठा पॉवर’ (1900) या ग्रंथापाशी येऊन पोहोचते. संतांनी जातिभेदाची धार बोथट केली, लोकभाषेला प्रतिष्ठा दिली आणि त्यातून स्वराज्याची भूमी तयार झाली, हा त्यांचा सिद्धांत. युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी त्यांनी केलेली तुलना मोहक आहे. परंतु रानडे स्वतः प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते. संतांमध्ये त्यांना आपलेच पूर्वसूरी दिसले असावेत.

राजवाड्यांनी हे साफ नाकारले. वारकरी संतांनी समाजाला निवृत्तीकडे नेले, खरी प्रेरणा रामदासांची, असे त्यांचे मत. पुढे शिवाजी-रामदास भेट शके 1571 ची की 1594 ची, या वादात आपल्या विद्वानांनी किती शाई खर्च केली!

ज्ञानेश्वरी 1290 ची, राज्याभिषेक 1674 चा. इतकी शतके वाट पाहणारे कारण हे कारण म्हणावे की पार्श्वभूमी? नामदेवांची पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, विठ्ठलाचे भक्त कानडी मुलखातही आहेत. सीमाभागातील वाचकांना हे सांगायला नको. तेथील राजकारण मात्र निराळ्या वाटांनी गेले.

म्हणून लॉरेन्स प्रेस्टन यांचा चिंचवडच्या देवांवरील ग्रंथ (1989) मला अधिक मोलाचा वाटतो. त्याचा आधार इनामे, सनदा, वंशपरंपरा आणि जमाबंदी यांचा आहे. मोरया गोसावींच्या वंशाचे हक्क राज्यकर्त्यांनी कसे चालविले, इंग्रजी अमलात त्यांची छाननी कशी झाली, हे त्यात सावकाश उलगडते. देवस्थानाला राजाश्रय हवा आणि राजाला देवस्थानाची मान्यता हवी, हा व्यवहार तेथे कागदोपत्री दिसतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडील ज्या घरांत इनामाचा एखादा मोडी कागद उरला असेल, त्यांना हे वाचन परके वाटणार नाही.

तरीही एक रुखरुख उरते. गाव इनाम झाल्यावर त्या गावच्या कुणब्याची वारी चालू राहिली की सुटली, देवाविषयीची त्याची भावना बदलली काय, याचे उत्तर सनदेत मिळत नाही. रानड्यांच्या ग्रंथात, कितीही धूसर असो, तो कुणबी आहे.