ओंडक्यावरील सृष्टी आणि ‘श्लेष्मकवक’ ही संज्ञा

मराठी शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा संस्कृत की इंग्रजी, सुबोध की दुर्बोध, या दोनच प्रश्नांभोवती फिरत राहते. संज्ञा खरी आहे काय, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो. मराठी शास्त्रीय लेखनात आढळणारी ‘श्लेष्मकवक’ ही संज्ञा या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू. आषाढ-श्रावणात नाशिक रोड, देवळाली या भागात उन्मळून पडलेल्या झाडांचे ओंडके रस्त्याकडेला भिजत पडलेले असतात; पश्चिमेस त्र्यंबक, हरसूल, पेठ या बाजूच्या रानात तर ते पडल्या जागीच कुजतात. अशा ओंडक्यावर दोन अगदी भिन्न प्रकारचे जीव शेजारी शेजारी नांदतात. पहिले कवक. त्याचे तंतू लाकडाच्या आत पसरलेले असतात, पेशींना कायटिनाची भित्ती असते आणि अन्न बाहेरच पचवून ते शोषून घेतले जाते. काही कवके लाकडातील लिग्निनही फोडतात, तेव्हा लाकूड पांढुरके व तंतुमय होते. काही लिग्निन मागे ठेवून सेल्युलोजच खातात, तेव्हा ते तपकिरी पडून चौकोनी भेगांनी तडकते.

दुसरा जीव म्हणजे ओलसर, पिवळा किंवा पांढरा असा एक थर. तो सरकतो. सायंकाळी जेथे दिसला तेथून सकाळी तो पुढे गेलेला असतो. त्याला पेशीभित्ती नाही. एकाच जीवद्रव्यात असंख्य केंद्रके असतात आणि ते द्रव्य शिरांसारख्या वाहिन्यांतून एकदा पुढे, एकदा मागे असे वाहत राहते. जिवाणू व बीजाणू तो सरळ गिळतो. पुढे केव्हातरी हा थर चालणे सोडून टाचणीच्या डोक्याएवढ्या फळांत रूपांतरित होतो व त्यातून भुकटीसारखे बीजाणू उडतात. कवकाशी जे साम्य दिसते ते या अखेरच्या अवस्थेत.

या साम्यानेच युरोपीय अभ्यासकांना चकविले. १६५४ मध्ये थॉमस पान्को याने यांतील एकाची नोंद केली ती ‘झपाट्याने वाढणारे कवक’ म्हणूनच. १८३३ च्या सुमारास श्लेष्म व कवक या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून या गणाचे नाव सिद्ध झाले. पण १८५९ मध्ये आंटोन द बारी याने त्यांची हालचाल व भक्षणाची रीत पाहून त्यांना प्राण्यांकडे ओढणारे निराळे नाव दिले. आज त्यांची गणना अमीबासदृश जीवांत होते, आणि खरे कवक हे त्यांच्यापेक्षा प्राण्यांनाच जवळचे ठरले आहे. मराठीने भाषांतर केले ते १८३३ च्या नावाचे. कवकशास्त्रज्ञांनीच या जीवांचा अभ्यास जोपासला, हे खरे. भारतातील जातींवरचा के. एस. थिंद यांचा १९७७ चा ग्रंथही त्याच परंपरेतला. पण अभ्यास कोणी केला, यावरून वस्तूची जात ठरत नाही.

शिवाय दोन्ही पदांना आपला स्वतंत्र इतिहास आहे. ‘कवक’ मनुस्मृतीत येते ते लसूण व कांद्याच्या पंक्तीला, द्विजांना निषिद्ध असे खाद्य म्हणून. तेथे अर्थ भूछत्रापुरताच आहे; सबंध गणाला तो शब्द लावणे हा आधुनिक, व योग्य, अर्थविस्तार होय. ‘श्लेष्म’ ऐकताच मराठी वाचकाला आयुर्वेदातील कफ आठवतो. तथापि चिकटपणा तरी वस्तूत आहे; कवकत्व मात्र मुळीच नाही.

यावर ‘देवमासा’ची साक्ष काढली जाईल. तो मासा नाही, तरी शब्द चालतोच. पण देवमासा हा लोकांनी दिलेला शब्द आहे. त्याने वर्गीकरणाचा दावा कधी केला नाही. पाठ्यपुस्तकासाठी घडविलेली संज्ञा हा दावा करते, म्हणून तिला सूट देता येत नाही.

आणि लोकांचे शब्द तरी इतके ढिले असतात काय? फणसाच्या खोडावर वाढणाऱ्या कठीण कवकाला ‘फणसांबा’ म्हणतात. मुलांची अतिरिक्त लाळ थांबविण्यासाठी तो उगाळून हिरड्यांना लावण्याची रीत आहे. गोव्यात वारुळावरच्या अळंबीच्या नावात ‘रोण’ म्हणजे वारूळच येते. या नावांत आश्रय सांगितलेला आहे, आणि जे तोंडात जायचे त्याच्या बाबतीत ही सूक्ष्मता आवश्यकच असते. उलट ‘कुत्र्याची छत्री’ या एका नावाखाली निरुपद्रवी व विषारी अशी सर्व छत्रे कोंबलेली आहेत. शहरी मराठीत हेच नाव उरले, ही गोष्ट केवळ कोशकाराने हळहळावे अशी नाही. रानातून छत्रे खुडून आणणाऱ्याच्या जिवाशी तिची गाठ आहे.

वृत्तपत्री मराठीही या बाबतीत सैल आहे. भीमाशंकरच्या अरण्यात पावसाळी रात्री कुजके लाकूड हिरवट उजळते, तेव्हा ‘झाडे चमकतात’ असे छापले जाते. चमकतात ती लाकडातील कवके. झाड तर केव्हाच मेलेले असते.

‘श्लेष्मकवका’च्या बाबतीत दुरुस्ती अवघड नाही. पूर्वपद राहू द्यावे, उत्तरपद बदलावे. ‘श्लेष्मजीव’ हा शब्द उच्चारास सोपा आहे, समासाच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि जे सिद्ध झाले आहे त्यापेक्षा अधिक काही सांगत नाही. तो सरकतो, गिळतो, हेही त्यात आले नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण एवढा भार एका समासावर घालणे योग्य नव्हे. ते काम व्याख्येचे.