क्रमाची संहिता आणि नाचाचा प्रकाश : ‘चरणदास चोर’च्या निमित्ताने

१९७५ साली घडलेल्या दोन घटना रंगभूमीच्या तौलनिक अभ्यासात सहसा शेजारी ठेवल्या जात नाहीत. त्या वर्षी ‘अ कोरस लाइन’साठी थॅरन मसर यांनी प्रकाशपातळ्या स्मृतीत साठवणारा संगणकीय फलक ब्रॉडवेवर प्रथम आणला. त्याच वर्षी हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ने आपले पूर्ण रूप धारण केले. या नाटकाचा पहिला, अपुरा आकार भिलाईत सिद्ध झाला होता. विजयदान देथा यांच्याकडून मिळालेली राजस्थानी लोककथा घेऊन तन्वीर यांनी १९७४ मध्ये तेथील शिबिरात नाचाच्या कलावंतांबरोबर काम केले आणि जे हाती आले ते उघड्या मैदानात सतनामी प्रेक्षकांपुढे मांडले. पोलादाच्या कारखान्याभोवती, सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या आखीव नगरात नाटक मात्र आखणीवाचून जन्मले, हा योगायोग लक्षणीय आहे.

प्रकाशनियंत्रणाचे आजचे सॉफ्टवेअर यांपैकी पहिल्या घटनेचे वंशज आहे. यंत्र आणि दिवे यांच्यातील डीएमएक्स ५१२ ही १९८६ मधील संकेतप्रणाली संहितेविषयी काहीच गृहीत धरत नाही. ती ५१२ वाहिन्यांवर शून्य ते २५५ एवढ्या पातळ्या वाहून नेते, इतकेच. गृहीतक शिरते ते तिच्या वरच्या थरात, क्यूंच्या यादीत. क्यू १ नंतर २, २ नंतर ३. तंत्रज्ञाने एकच कळ दाबत जावयाचे. बहुतेक मोठ्या नाट्यफलकांवर एखाद्या दिव्याला दिलेली पातळी नवी आज्ञा येईपर्यंत पुढच्या क्यूंमध्ये तशीच वाहत राहते. म्हणजे सतराव्या क्यूचा अर्थ सतराव्या क्यूत पुरता नसतो. तो आधीच्या सोळांवर अवलंबून असतो. वाङ्मयीन परिभाषेत सांगायचे तर ही रेषात्म कथनाची प्रतिमा आहे, आणि तिचा गृहीत वाचक पाठ्यसंहिता हाती धरून बसलेला आहे.

नाचात, किंवा आपल्याकडील वगनाट्यात, असा वाचक सापडणे कठीण. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा दादा कोंडके यांच्या हजरजबाबी भरीमुळे बतावणीची लांबी प्रयोगागणिक बदलत असे. छापील संहिता आणि प्रयोग यांतील हे अंतर समीक्षेने पुष्कळ चर्चिले. प्रकाशाच्या टिपणाकडे मात्र तिने पाहिलेच नाही. नाचातला जोक्कड प्रेक्षकांच्या हशावर रेंगाळला, गाण्याचे एक कडवे वाढले, एखादा प्रवेश गाळला गेला, की प्रकाश चालवणाऱ्याची यादी निरुपयोगी होते. यादीतील पुढच्या क्रमांकावर उडी मारता येते हे खरे. पण तेथे मिळणारी प्रकाशस्थिती नोंदलेल्या क्रमातून काढलेली असते. त्या रात्री मंचावर प्रत्यक्षात काय घडले, मधल्या वेळात तंत्रज्ञाने हाताने काय वाढवले, याच्याशी तिचा संबंध नसतो.

म्हणून सॉफ्टवेअर ‘सोपे’ करणे म्हणजे कळा कमी करणे, ही समजूत अपुरी वाटते. एका कळीवर आणलेली सोय बांधीव नाटकालाच सोयीची. भिलाईसारख्या ठिकाणी, जेथे एकाच सभागृहात आज बंदिस्त हिंदी नाटक तर उद्या पंडवानी वा नाचा होऊ शकतो, तंत्रज्ञाला दोन वेगळी व्याकरणे हवीत. दुसऱ्या व्याकरणात प्रत्येक प्रवेशाचा पहिला क्यू स्वयंपूर्ण असावा, मागचे काही न वाहणारा. क्यूची ओळख क्रमांकाने नव्हे, तर त्याला जागे करणाऱ्या उच्चाराने व्हावी, आणि तो उच्चार पडद्यावर देवनागरीत, अंधारातून वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत असावा. गाणे, हास्यप्रवेश, रात्र असे प्रकाशगट स्वतंत्र सरकपट्ट्यांवर ठेवावेत, जेणेकरून हात कलावंताबरोबर थांबू शकेल. यातील बहुतेक सोयी तंत्रदृष्ट्या आजच शक्य आहेत. त्या मुख्य पडद्यावर नसतात, एवढेच. आणि मुख्य पडद्यावर काय असावे हा निर्णय सौंदर्यशास्त्रीय आहे.

आडोल्फ आप्पिया यांनी १८९९ मध्ये प्रकाशाला संगीताच्या जोडीला बसवले. त्यांच्यापुढे वाग्नेर होता, स्वरलिपीत काळ बांधून देणारा. नाचाच्या संगीतात काळ बांधलेला नसतो, तो साथीदार आणि गायक यांच्यात प्रत्येक वेळी ठरतो. तेव्हा आप्पियांचा दृष्टान्त येथे लागू करायचा तर प्रकाश चालवणारा स्वरलिपीचा वाचक राहत नाही. त्याचे स्थान तबलजीच्या शेजारी येते. तन्वीर यांच्या नाटकांवरील लेखनात अभिनय, बोली, गाणी यांचे श्रेय गावच्या कलावंतांना मिळाले, ते योग्यच. प्रकाशाच्या हाताला असे सहकर्तृत्व देण्याचा प्रश्न मात्र फारसा उपस्थित झालेला दिसत नाही.

स्वयंपूर्ण क्यूंची किंमत मोजावी लागते, हेही नोंदवले पाहिजे. वाहत्या पद्धतीत आरंभी एका दिव्याची पातळी बदलली की ती पुढे आपोआप पोहोचते. स्वयंपूर्ण पद्धतीत तीच दुरुस्ती प्रत्येक प्रवेशात करावी लागते. दौऱ्यावरची मंडळी दुपारी सभागृहात शिरते, सायंकाळी पडदा उघडतो आणि मधल्या वेळात दिवे टांगून त्यांची तोंडे लावायची असतात. तीस प्रवेशांत एकच पातळी तीसदा बदलण्याला तेथे सवड नसते, आणि निवडक क्यूंवर एकदम दुरुस्ती करण्याची सोय कोणत्या पानाखाली दडली आहे हे शोधायला तर त्याहून नसते.